कलावंत आणि समाजशास्त्रज्ञ : संशोधनातले सोबती

गोरेगाव म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मुंबईचे गोरेगाव उभे राहते. तिथली दादासाहेब फाळके चित्रनगरी, तिथले दिवे, तिथली नटमंडळी. पण मला आज ज्या गोरेगावाविषयी बोलायचे आहे ते मुंबईपासून फार दूर, महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला आहे. पूर्वी ते भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तेव्हापासून ते गोंदिया जिल्ह्यात आहे. गोंदियाहून कोहमाऱ्याच्या रस्त्याला लागले की वाटेत हे तालुक्याचे गाव लागते. भोवती धानाच्या बांध्या, अधूनमधून तलाव आणि पलीकडे नागझिऱ्याचे जंगल. इथे चित्रनगरी नाही. पण म्हणून कलावंत नाहीत असे मात्र नाही. दिवाळी झाली की ह्या भागात गावोगाव मंडई भरते, रात्र रात्र दंडार चालते. आणि पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायकांच्या तोंडी गाणी असतात.

ह्या रोवणीच्या बांधीवरूनच आपण विषयाला सुरुवात करू. समजा, शहरातला एक होतकरू संशोधक गोरेगाव तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात आला आहे. त्याचा विषय आहे शेतमजूर स्त्रियांचे जीवन. हातात छापील प्रश्नावली आहे. धुऱ्यावर उभा राहून तो विचारतो, 'बाई, रोज किती पडतो? घरात खाणारी माणसे किती? काही त्रास आहे का?' बाई कंबर सरळ करते, पदराने तोंड पुसते आणि म्हणते, 'नाही बापा, सारं बरं आहे.' मालक दोन बांध्या पलीकडे उभा आहे, सासू शेजारीच पऱ्हे लावते आहे; दुसरे ती काय सांगणार? तरुण 'त्रास नाही' ह्या रकान्यात खूण करतो आणि पुढच्या बांधीकडे वळतो. तो पाठ फिरवतो न फिरवतो तोच बाई पुन्हा वाकते आणि अर्धी राहिलेली गाण्याची ओळ उचलते. त्या ओळीत माहेरची आठवण असेल, कंबरेचा ठणका असेल, घरधन्याच्या व्यसनाचा उल्लेख असेल, मालकाला मारलेला एखादा टोमणाही असेल. शेजारची सासू त्याच ओळीला सूर देते!

आता ह्यात खोटे कोण बोलले? कोणीच नाही. बाईने परक्या माणसाला द्यायचे ते उत्तर दिले, आणि गाण्यात म्हणायचे ते गाण्यात म्हटले. समाजात काही गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, पण गाऊन दाखवायला कोणाची हरकत नसते. आमच्या ह्या संशोधकाच्या कानावर गाणे पडले, पण त्याच्या प्रश्नावलीत गाण्यासाठी रकानाच नव्हता. म्हणून त्याच्या प्रबंधात आकडे बरोबर आले आणि माणूस निसटला.

समाजशास्त्रज्ञ आणि कलावंत ह्यांनी मिळून संशोधन करावे असे अलीकडे वारंवार म्हटले जाते. म्हणजे नेमके काय करावे, हे मात्र फारसे कोणी फोड करून सांगत नाही. एक साधी गोष्ट आधी ध्यानात घेऊ. दोघे एकत्र येण्याच्या तीन तऱ्हा आहेत, आणि तिन्हींना लोक 'सहकार्य' हेच नाव देतात.

पहिली तऱ्हा अशी की संशोधक येतो, गाणे लिहून घेतो, चित्राचा फोटो काढतो आणि जातो. इथे कलावंत हा नमुना असतो. शेतातली माती तपासायला नेतात तसा. ह्या तऱ्हेला नावे ठेवण्यापूर्वी तिचे ऋणही मान्य केले पाहिजे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' हा ओव्यांचा संग्रह केला, कमलाबाई देशपांडे ह्यांनी स्त्रीगीतांना 'अपौरुषेय वाङ्मय' असे मोठे अर्थपूर्ण नाव देऊन ती पुढे आणली, सरोजिनी बाबर ह्यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड काढले. ही मंडळी झटली नसती तर केवढे तरी धन मातीत गेले असते. पण अशा संग्रहांत बहुधा गाणे राहिले आणि गाणारी राहिली नाही. ती कोणत्या गावची, कोणत्या कामावर असताना गात होती, तिला त्या ओळीचा अर्थ काय वाटत होता, हे विचारायचे राहून गेले.

दुसरी तऱ्हा ह्याच्या अगदी उलट. इथे संशोधन आधीच पुरे झालेले असते. निष्कर्ष तयार असतात. मग कोणाला तरी आठवते की हे लोकांपर्यंत पोचवायला हवे; आणि कलावंताला बोलावणे जाते, 'शाहीर, एक पोवाडा करून द्या; त्यात हे सात मुद्दे आले पाहिजेत.' शाहीर बिचारा सात मुद्दे यमकात बसवतो. ह्यात वाईट काही नाही. साक्षरतेचा, आरोग्याचा प्रचार असाच झाला आहे आणि त्याचा उपयोगही झाला आहे. पण ह्याला संशोधनातले सहकार्य म्हणता येणार नाही. स्वयंपाक झाल्यावर बोलावलेल्या माणसाने वाढपाचे काम केले, एवढेच.

तिसरी तऱ्हा म्हणजे प्रश्न ठरवण्यापासून दोघांनी बरोबर बसायचे. काय शोधायचे, कोणाला विचारायचे, मिळालेल्या गोष्टीचा अर्थ काय लावायचा, ह्या तिन्ही ठिकाणी कलावंताचा शब्द चालला पाहिजे. हे अवघड आहे, वेळखाऊ आहे. पण ते होऊ शकते, आणि आपल्या महाराष्ट्रात झालेले आहे. त्याचे उदाहरण गोरेगावापासून दूर, पश्चिमेला, पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या डोंगरांत सापडते.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ हे दोघे पुण्यात राहून काम करणारे समाजसंशोधक. पॉइत्वाँ जन्माने फ्रेंच, पण भारतात आले आणि इथलेच झाले. पुण्यात त्यांनी सामाजिक शास्त्रांतल्या सहकारी संशोधनासाठी एक केंद्र उभे केले. सहकारी हा शब्द इथे महत्त्वाचा. डोंगराळ भागातल्या गरिबांची 'गरीब डोंगरी संघटना' त्या भागात काम करीत होती. तिच्यातल्या खेडूत स्त्रियांबरोबर बसताना, बोलताना, ह्या दोघांच्या ध्यानात आले की बायका आपल्या आयुष्याविषयी सांगू लागल्या की सांगता सांगता जात्यावरच्या ओव्यांवर येतात. गद्यात जी गोष्ट अडखळते ती ओवीत सरळ बाहेर पडते. त्यातून १९८०च्या दशकात ओव्या जमवण्याचे काम सुरू झाले. पुढे वीसेक वर्षे ते चालले आणि महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून, एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या.

आकडा मोठा आहे, पण मला त्याहून मोठी वाटते ती काम करण्याची रीत. ओव्या गोळा करायला निघाल्या त्यांत खुद्द खेड्यातल्या स्त्रिया होत्या. ज्यांनी स्वतः पहाटे उठून दळले होते, त्याच दुसऱ्या गावच्या बायकांकडे जाऊन बसत. परक्या माणसाने 'ओव्या सांगा' म्हटले तर बाई म्हणते, 'आता कशाच्या ओव्या, जातं कधीच अडगळीत गेलं.' आणि ते खरेही असते, कारण गावात पिठाची गिरणी आली तेव्हाच जात्याचा घरोबा संपला. पण ओळखीची बाई जात्यापाशी बसली, तिने खुंट्याला हात घातला, वैरण घातली आणि पहिली ओळ म्हटली, की दुसरीला पुढची ओळ आपोआप सुचते. ती आठवण डोक्यात जेवढी असते तेवढीच हाताच्या फिरण्यात असते. प्रश्नावलीला हात नसतो, म्हणून तिला हे सापडत नाही.

दुसरी गोष्ट अशी की अर्थ लावण्याचे काम केवळ पुण्यात, टेबलाशी बसून झाले नाही. बायकांच्या बैठकी होत, आणि एखादी ओवी घेऊन त्याच तिच्यावर चर्चा करीत. सीतेच्या वनवासाच्या ओव्याच पाहा. शहरातल्या वाचकाला ती पुराणकथा वाटेल. पण ज्या बाईला नवऱ्याने टाकले आहे, तिच्या तोंडी सीतेचे नाव येते तेव्हा ती रामायण सांगत नसते. ती आपली हकिकत सांगत असते, आणि सीतेच्या आडून रामालाही दोन शब्द सुनावत असते. हा अर्थ पोथीत मिळत नाही. तो गाणारीनेच सांगावा लागतो. तेव्हा अर्थ लावण्यातही गाणारी संशोधक झाली ती अशी.

तसेच बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्यांचे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित वस्तीतल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या ह्या संग्रहात आहेत. जात्यावरची ओवी म्हणजे माहेर, भाऊ आणि पंढरपूर, असे आपण शाळेत शिकलो. इथे मात्र त्याच चालीत, त्याच जात्यावर, एका मोठ्या सामाजिक उलथापालथीची नोंद बायकांनी आपल्या शब्दांत करून ठेवली आहे. परंपरेचा साचा जुना, आत ओतलेले धातू नवे. आंबेडकरी चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्याला सभांचे अहवाल मिळतात, वर्तमानपत्रे मिळतात. पण दळता दळता एका अक्षरशून्य स्त्रीने त्या चळवळीतून काय घेतले, हे ह्या ओव्यांखेरीज दुसरीकडे कुठे मिळणार?

तुम्ही म्हणाल, मग समाजशास्त्रज्ञाची गरजच काय? बायकांनी गावे, बायकांनी जमवावे, अर्थही त्यांनीच सांगावा! तर तसेही नाही. एका गावच्या बाईला वाटते की ही ओवी आमच्याच गावची. तीच ओवी शंभर कोसांवर दुसऱ्या जातीच्या बाईच्या तोंडी थोड्या फरकाने सापडते. हा फरक कुठे पडला, का पडला, हे पाहायला सगळ्या गावांच्या ओव्या एकापुढे एक मांडाव्या लागतात, त्यांचे विषयवार वर्ग करावे लागतात, प्रत्येकीपुढे गावाचे आणि गाणारीचे नाव लिहावे लागते. हे शिस्तीचे काम शास्त्राचे. आणखी एक सावधगिरी शास्त्राने शिकवायची असते. दहा ओव्यांत सासूचा जाच आला म्हणून गावातल्या इतक्या टक्के सुनांना जाच आहे असे अनुमान काढता येत नाही. गाणे काय वाटते ते सांगते, किती जणींना ते मोजत नाही. मोजायचे असेल तर प्रश्नावलीच लागेल. फक्त त्या प्रश्नावलीत काय विचारावे हे गाण्याने आधी सांगितले असले म्हणजे झाले.

ह्या कामात पुढे १९९०च्या दशकात बर्नार बेल हे संगीताचे अभ्यासक आणि संगणकाचे जाणकार येऊन मिळाले. त्यांनी शब्दांबरोबर आवाजही जपला. शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले, आणि ओव्यांची सूची संगणकावर चढली. पॉइत्वाँ २००४ साली वारले, हेमाताई २०१० साली गेल्या. पण काम बुडाले नाही. ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या 'पारी' ह्या संस्थेने ते हाती घेतले आणि २०१७ पासून ह्या ओव्या आवाजासह, भाषांतरासह लोकांपुढे येऊ लागल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव, तिचे गाव आणि मिळाला तर तिचा फोटोही येतो. पूर्वी ज्या गावांत मुद्रण झाले होते तिथे ही मंडळी पुन्हा गेली. काही बायका म्हाताऱ्या झाल्या होत्या, काही राहिल्या नव्हत्या. पण त्यांचे गाणे घेऊन कोणी परत आले, ही गोष्ट लहान नव्हे. आजवर पुष्कळ संशोधक खेड्यात गेले. परत आलेले थोडे.

कलावंताचा कान शास्त्राला कसा उपयोगी पडतो ह्याचा एक दाखला परदेशातलाही आहे. हंगेरीचे थोर संगीतकार बेला बार्टोक आणि त्यांचे मित्र झोल्टान कोडाय हे विसाव्या शतकाच्या आरंभी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडले. शहरातले लोक त्या वेळी जिला हंगेरियन लोकसंगीत म्हणत ती खरे तर शहरातल्या वादकांची करमणूक होती. शेतकऱ्याचे जुने गाणे निराळेच आहे, हे ह्या दोघांनी दाखवून दिले. शेजारच्या स्लोव्हाक आणि रुमानियन शेतकऱ्यांची गाणीही बार्टोकनी तितक्याच प्रेमाने जमवली. त्याबद्दल स्वदेशाच्या कडव्या अभिमान्यांचा रोषही त्यांनी पत्करला. ते स्वतः संगीतकार होते, म्हणून सुरांतला बारीक भेद त्यांना ऐकू आला. आणि पद्धतशीर नोंद ठेवीत गेले, म्हणून तो भेद त्यांना सिद्ध करता आला.

आता गाण्याकडून चित्राकडे वळू आणि पुन्हा महाराष्ट्रात येऊ. कारण ह्या सहकार्याची दुसरी, काळजी करायला लावणारी बाजूही पाहिली पाहिजे. ठाणे जिल्ह्यातून २०१४ साली वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या आसपास वारली लोकांची वस्ती आहे. त्यांच्या घरी लग्न निघाले की सवाशिणी शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. धवलेरी गाणी म्हणते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे हे चित्र शोभेचे नाही. ते विधीचा भाग आहे, आणि ते बायकांच्या हातचे आहे.

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार, हस्तकलांचे काम पाहणाऱ्या सरकारी मंडळाच्या वतीने, ह्या पाड्यांवर गेले. चित्रकार असल्यामुळे त्यांची नजर भिंतीवर ठरली. त्यांनी वारल्यांना कागद आणि रंग दिले. गंजाड गावच्या जिव्या सोमा मशे ह्यांच्या हातात तो कागद आला, आणि बघता बघता त्यांची चित्रे मुंबईच्या कलादालनात, तिथून जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. पुढे यशोधरा डालमिया ह्या कलेच्या अभ्यासिकेने वारल्यांच्या चित्रसृष्टीवर ग्रंथ लिहिला, तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. लग्नविधी, देवता, शेतीचे चक्र आणि चित्र हे सगळे एकाच विणीचे आहे, हे त्यामुळे जाणत्या वाचकांना कळले. चित्रकाराने पाहिले, अभ्यासिकेने उलगडले, वारल्यांनी काढले आणि सांगितले. ह्यातून एका उपेक्षित जमातीला मान मिळाला, काही घरांना मीठभाकर मिळाली. हे सगळे चांगलेच झाले.

पण एक गोष्ट आपोआप बदलली. भिंतीवर होते तोवर चित्र बायकांचे होते. कागदावर आले, त्याला बाजार मिळाला, तेव्हा कुंचला पुष्कळसा पुरुषांच्या हातात गेला. ठरवून कोणी हे केले असे नाही. पण कागद देणाऱ्याच्या शेजारी पहिल्या दिवसापासून एखादा समाजशास्त्रज्ञ असता, तर त्याने कदाचित विचारले असते, 'हे चित्र आजवर कोण काढीत आले? उद्या त्याचे पैसे झाले, तर कोणाच्या पदरात पडतील?' पुढे तर वारली आकृत्या चादरीवर, पेल्यावर, भिंतीच्या जाहिरातीवर इतक्या उमटल्या की काढणारा वारली आहे की नाही हेही कोणी विचारीना. कलावंत एकटा गेला तर असे काही निसटते. समाजशास्त्रज्ञ एकटा गेला तर बांधीवरचे गाणे निसटते. दोघे का हवेत, ह्याचे उत्तर ह्यात आले.

काही जाणकार इथे शंका काढतील. ते म्हणतील, कलावंत भावनेने चालणारा, एकाचे दोन करून सांगणारा. त्याला संशोधनात घेतले तर शास्त्राची शिस्त राहील काय? शंका रास्त आहे. तिच्यावर उपाय इतकाच की वह्या वेगळ्या ठेवाव्यात. गायलेले एका वहीत, बोललेले दुसरीत, मोजलेले तिसरीत. तिन्ही जुळले तर उत्तमच. जुळले नाहीत तर त्याहून उत्तम. कारण मजुरीचा आकडा एक सांगतो आणि गाणे दुसरेच सांगते, तिथेच शोधण्याजोगे काही दडलेले असते.

ह्या कामाचे काही साधे नेम आहेत, तेही सांगतो. पहिला नेम नावाचा. लोकगीताखाली 'पारंपरिक' असा शब्द लिहिला की आपली जबाबदारी संपली असे आपल्याला वाटते. परंपरा खरीच, पण परंपरेला स्वतःचा गळा नसतो. कोणा एका बाईने तो शब्द सांभाळला, त्यात आपला एक शब्द घातला, तेव्हा तो आपल्यापर्यंत आला. तिची संमती असेल तर तिचे नाव तिथे आलेच पाहिजे. आज खिशातल्या फोनवर गाणे टिपून ते क्षणात सगळीकडे पाठवता येते, म्हणून तर हा नेम पूर्वीपेक्षा जास्त जरुरीचा झाला आहे. आणि काही गाणी बाई सांगते ती फक्त ऐकण्यासाठी, छापण्यासाठी नव्हे. ती न छापणे हाही संशोधनाचाच भाग आहे.

दुसरा नेम भाषेचा. आमच्या झाडीपट्टीत झाडीबोली बोलतात, पोवारी बोलतात, गोंडी बोलतात. झाडीबोलीत पाण्याला 'पानी' म्हणतात आणि डोळ्याला 'डोरा'. आता गाण्यात 'डोरा' आणि 'दोरा' असे यमक असेल, आणि शुद्धलेखनाच्या आवडीने कोणी त्याचे 'डोळा' आणि 'दोरा' केले, तर शब्द शुद्ध झाला पण गाणे मोडले. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी झाडीबोलीसाठी आणि इथल्या लोकरंगभूमीसाठी आयुष्य वेचले. बोली ही बिघडलेली मराठी नव्हे, हे त्यांनी आम्हाला शिकवले. बोलीचा जाणकार बरोबर नसेल तर ध्वनिमुद्रण स्वच्छ होऊनही अर्थ गढूळच राहतो.

तिसरा नेम मोबदल्याचा. संशोधकाला पगार असतो, प्रवासखर्च असतो. रोवणीवरची बाई त्याच्याशी बोलायला बसली तर तिचा रोज बुडतो. तो भरून दिला पाहिजे, आणि तो उपकार म्हणून नव्हे, हिशोबात धरून. चौथा नेम परत येण्याचा. जे लिहिले ते छापण्यापूर्वी गावापुढे वाचून दाखवावे. गाव चुका काढील. काढू द्याव्यात.

हा चौथा नेम पाळायला आमच्या भागासारखे सोयीचे ठिकाण दुसरे नसेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीला नाटकाचे वेड आहे. धान कापून झाले की होळीपर्यंत मोकळ्या बांध्यांत मंडप पडतात आणि रात्रभर नाटके चालतात. वडसा हे ह्या नाटकमंडळ्यांचे मोठे ठाणे. इथल्या रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळ शहरी लोकांना झाडीपट्टीचे नाव पहिल्यांदा कळले. दंडार आणि खडी गंमत हे तर त्याहून जुने प्रकार. प्रेक्षक इथे मुकाट बसत नाही. चुकीचे दिसले की तो बसल्या जागेवरून बोलतो.

तेव्हा मला असे सुचवावेसे वाटते. गोरेगावच्या आसपास एका गावी एक लहानसा गट जमवावा. त्यात रोवणीवर गाणाऱ्या दोन बायका, दंडारीतला एक जाणता, बोली जाणणारा एक शिक्षक आणि अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकणारा एक विद्यार्थी असे पाच जण पुरेत. आषाढ-श्रावणात रोवणीच्या वेळी गाणी ऐकावीत. मजुरी, कामाचे तास, कंबरेचे दुखणे, बायांच्या टोळ्या कोणत्या गावाहून कोणत्या गावाला जातात, हे सगळे वेगवेगळ्या वह्यांत टिपावे. आश्विनात पाचही जणांनी बसून वह्या पडताळाव्यात. आणि दिवाळीनंतरच्या मंडईत, त्यातून जे हाती लागले त्याची दंडार करून गावापुढे ठेवावी. ज्या बाईने धुऱ्यावरच्या तरुणाला 'सारं बरं आहे' म्हणून सांगितले, ती समोर बसलेली असेल. ती हसली, की समजावे बरोबर टिपले. ती म्हणाली, 'असं नाही जी, असं आहे', तर वही उघडून दुरुस्त करावे. ह्याला मोठा निधी लागत नाही. सवड लागते, आणि दुसऱ्याला आपल्या बरोबरीचा मानण्याची तयारी लागते.

आणि हे फार पुढे ढकलून चालणार नाही. गिरणी आली आणि जाते थांबले. जात्याबरोबर ओवीही थांबली. मुळशीच्या बायकांनी वेळीच हात घातला म्हणून लाखभर ओव्या वाचल्या. आता यंत्राने रोवणी करण्याची रीतही निघाली आहे. तिने बाईच्या कंबरेचे दुखणे कमी होणार असेल तर ती यावीच. गाण्यासाठी कोणी बाईला चिखलात वाकवून ठेवावे असे मी म्हणणार नाही. पण ज्या दिवशी शेवटची टोळी बांधीतून बाहेर पडेल, त्या दिवशी तिच्याबरोबर तिचा सगळा हिशोबही जाईल. शेतमजूर म्हणून तिची संख्या जनगणनेत मिळेल. धान किती पिकले हेही दप्तरात सापडेल. ते रोवताना ती काय म्हणत होती, हे मात्र आपण आज तिच्याजवळ बसून विचारले तरच उरेल.